बोटीनं कशाला जायचं?

निशी-कासाईत, फुनाबोरीत किंवा आणखी कुठे बसून तुम्ही हे ऐकत असाल, नाहीतर नंतर सवडीनं वाचत असाल. मी पेशानं आयटी सल्लागार, त्यात एमबीए. आठवडाभर दुसऱ्यांचे तक्ते तपासायचे आणि रविवारी इतिहासाची पुस्तकं काढून बसायचं, असा माझा क्रम. आजचा विषय सुट्टीचा आहे: क्रूझ. सुट्टीचा असला तरी त्याला दीडशे वर्षांचा मराठी इतिहास आहे, आणि त्याची सुरुवात माझ्या स्वयंपाकघरात झाली.

आपल्यापैकी बऱ्याच जणांकडे वर्षातून एकदा आई-वडील येतात. नव्वद दिवसांचा व्हिसा. पहिल्या आठवड्यात आसाकुसा, दुसऱ्यात फुजी, तिसऱ्यात रिनकाई पार्कचं मत्स्यालय. मग काय दाखवायचं? गुडघे दुखतात, स्टेशनांतले जिने संपत नाहीत. दोन वर्षांपूर्वी मी आईला म्हणालो, "योकोहामाहून बोटीनं जाऊ या. आठ दिवस. बॅग एकदाच उघडायची. चालायचं नाही, धावायचं नाही, गावं आपोआप खिडकीशी येतात."

आई तेव्हा पंचाहत्तरीची. मेथी निवडता निवडता तिनं विचारलं, "बोटीनं कशाला जायचं? तिकडे काय काम आहे आपलं?"

हा प्रश्न तुमच्याही घरात कोणीतरी विचारला असेल. मला तो आधी भित्रेपणाचा वाटला. वाचत गेलो तसं लक्षात आलं की समुद्राबद्दल आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या हाच प्रश्न विचारलेला आहे. काम असेल तर जा. काम नसेल तर समुद्रावर माणसाचं काय आहे?

आईच्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट होती, ती आधी सांगतो. १७ जुलै १९४७. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. सकाळी आठच्या सुमारास मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून 'रामदास' नावाची बोट रेवसला निघाली. गटारी अमावास्येसाठी गावी जाणारे चाकरमानी, कोळी, व्यापारी यांनी ती भरली होती. पाऊस आणि वारा. अर्ध्या-पाऊण तासात काशाच्या खडकाजवळ मोठ्या लाटा आल्या, लोक घाबरून एका बाजूला सरकले, बोट कलली आणि बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. बोटीवर बिनतारी संदेशयंत्र नव्हतं. पोहून किनाऱ्याला लागलेल्या माणसांकडूनच मुंबईला बातमी कळली.

त्या बोटीत माझ्या आजीचा धाकटा भाऊ होता, एकोणीस वर्षांचा. त्यानंतर आजीच्या घरी गटारी कधी झाली नाही. आईचा जन्म पुढच्या दोन वर्षांतला, तिनं मामाला पाहिलंही नाही. पण गेटवेवरून मांडव्याला लाँच तासाभरात जात असताना आई आयुष्यभर पनवेल, पेण, वडखळ अशी एसटीनं हाडं खिळखिळी करत अलिबागला गेली. घरात मामाचा उल्लेख 'बोटीत गेलेला' एवढाच. तेव्हा 'तिकडे काय काम आहे आपलं' या प्रश्नाला हलक्यानं घेता येत नव्हतं.

आता जरा मागे जाऊ. समुद्रप्रवास हे कलिवर्ज्य मानलं गेलं होतं, म्हणजे कलियुगात करू नयेत अशा गोष्टींपैकी एक. परदेशी जाऊन आलेल्याला प्रायश्चित्त घ्यावं लागे, नाहीतर पंगतीतून उठवत. म्हणून जाणाऱ्याला कारण द्यावं लागे, आणि ते चारचौघांत द्यावं लागे. आनंदीबाई जोशी यांचंच बघा. फेब्रुवारी १८८३ मध्ये, अठरा वर्षंही पूर्ण झाली नव्हती तेव्हा, त्यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला भर सभेत आपण अमेरिकेला का जातो आहोत याची एकेक कारणं सांगितली. वैद्यकीय शिक्षण हवं, हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची गरज आहे, इथे ते शिक्षण मिळत नाही. ७ एप्रिलला त्या कलकत्त्याहून बोटीत चढल्या आणि जूनमध्ये न्यूयॉर्कला उतरल्या. दोन महिन्यांचा प्रवास. तोही त्यांनी आधी समर्थन करून मिळवला.

गरिबाला समर्थन करावं लागत नव्हतं, त्याचं पोट हेच कारण होतं. इंग्रजांच्या मोठ्या बोटींवर रत्नागिरी-कोकणातले खलाशी आणि गोव्याचे आचारी-वाढपी पिढ्यान् पिढ्या राबत आले. प्रवाशांच्या याद्या जपून ठेवल्या गेल्या, या माणसांची नावं फार थोड्या ठिकाणी सापडतात.

आणि व्यापाराचं कारण. आपण जपानमध्ये राहतो म्हणून हे मुद्दाम सांगतो. जपानी कंपनीनं लांब पल्ल्याचा पहिला नियमित समुद्रमार्ग सुरू केला तो कोणत्या शहरासाठी? लंडन नाही, न्यूयॉर्क नाही. मुंबई. ७ नोव्हेंबर १८९३ रोजी निप्पॉन यूसेन कंपनीची 'हिरोशिमा मारू' कोबेहून मुंबईला निघाली. जपानच्या गिरण्यांना कापूस हवा होता, आणि त्याच्या वाहतुकीवर इंग्रज, ऑस्ट्रियन आणि इटालियन कंपन्यांची मिळून पकड होती. जमशेदजी टाटांनी जपान्यांशी हात मिळवला. जुन्या कंपन्यांनी भाडी इतकी पाडली की नव्यानं टिकूच नये. टाटांची स्वतःची बोटसेवा लवकरच बंद पडली, पण जपानी मार्ग टिकला. मुंबई आणि जपान यांना आधी कापसाच्या गाठींनी बांधलं. आपले लॅपटॉप शंभर वर्षांनी आले.

कोकणातल्या माणसाला मात्र बोट म्हणजे एसटी होती. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्लं. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती समुद्रात उभी राहायची, पडावातून माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या, कोंबड्या वर चढवायच्या. डेकवर घोंगडी पसरून जागा धरायची. उलट्या, रडारड, भजनं, सगळं एकाच रात्रीत. ज्यांनी तो प्रवास केला ती माणसं शिव्या देत देत त्याच्या आठवणी सांगतात, आणि सांगताना चेहरा उजळलेला असतो. म्हणजे आवड होती. फक्त 'मला बोटीत बसायला आवडतं म्हणून चाललो' असं म्हणायची सोय नव्हती. रस्ते झाले, १९८० च्या दशकात बोटी घटत गेल्या, १९९८ साली कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि बोटीला कारण उरलं नाही.

कारण उरलं नाही की बोटीचं काय होतं? इथे माझं एमबीए जरा कामाला येतं. हॅम्बुर्ग-अमेरिका कंपनीचे आल्बर्ट बालीन यांच्यापुढे हाच प्रश्न होता. हिवाळ्यात अटलांटिक ओलांडायला प्रवासी नसत, पण बोटीचा खर्च चालूच राही. जानेवारी १८९१ मध्ये त्यांनी 'ऑगस्टा व्हिक्टोरिया' ही आपली उत्तम बोट २४१ प्रवासी घेऊन भूमध्य समुद्रात दोन महिने नुसती फिरवून आणली. कुठे पोहोचायचं नव्हतं. लोक खूश झाले. रिकामी पडलेली मालमत्ता वापरात आणायची, एवढा साधा तो हिशोब होता. आजच्या क्रूझचा उगम सहसा तिथे धरतात. १९५८ साली अटलांटिकवर जेट विमानं सुरू झाली, नुसतं पोहोचवणाऱ्या बोटींचा धंदा बसला, आणि मग फिरवून आणणं हाच मुख्य धंदा झाला.

जपानमधला हा बदल तुम्हाला डोळ्यांनी बघता येतो. योकोहामाच्या यामाशिता पार्कला 'हिकावा मारू' उभी आहे. १९३० सालची, सिअ‍ॅटलच्या मार्गावरची बोट. १९३२ साली चार्ली चॅप्लिन जपानहून परतले ते हिच्यातून. युद्धात ती इस्पितळ झाली, युद्धातून वाचली, १९६० साली निवृत्त झाली. तिच्या मालक कंपनीनं, म्हणजे त्याच निप्पॉन यूसेननं, त्यानंतर प्रवासी बोटी जवळजवळ तीस वर्षं चालवल्या नाहीत. मग ती परत या धंद्यात आली, आणि १९९१ साली तिनं 'आसुका' ही क्रूझ बोट आणली. मुंबईहून कापूस आणण्यासाठी लांबच्या समुद्रात उतरलेली कंपनी निवृत्त आजी-आजोबांना निवांत फिरवू लागली.

आणि आपल्या एदोगावात? तोकुगावा इएयासूच्या काळापासून ग्योतोकुचं मीठ एदोला नेणाऱ्या होड्या आपल्या शिनकावा कालव्यातून जात. आज त्याच्या काठी आपण साकुरा बघायला जातो. फुनाबोरी या नावातच 'फुने' म्हणजे नाव आहे. कासाईचे लोक समुद्रात नोरी वाढवायचे, शिंपल्या काढायचे. १९६२ साली टोकियोच्या मच्छीमारांनी मासेमारीचे हक्क सोडले, पुढे समुद्रात भराव पडले. सेइशिन-चो आणि रिनकाई-चो त्याच भरावावर आहेत, तिथे तुम्ही राहत असाल तर तुमच्या पायाखाली एकेकाळी समुद्र होता. त्या कोळी कुटुंबांपैकी काहींनी मग याकाताबुने काढल्या, त्याच त्या छपराच्या सहलीच्या होड्या. कंपनीच्या वर्षअखेरच्या जेवणाला आपण त्यांत बसून तेम्पुरा खातो. पोटासाठीची होडी मजेची होडी झाली, आणि अजून कोणाचं तरी पोट तिच्यावरच आहे.

हे सगळं मी आईला सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "बरं. पण मी नाही येणार."

मग मी अण्णांना मध्ये घातलं. आई पुण्याच्या कर्वे रस्त्यावरच्या एसएनडीटी महाविद्यालयाची विद्यार्थिनी. तिच्यासाठी अण्णा म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. आता त्यांच्या प्रवासांची गोष्ट ऐका.

अण्णा मुरूडचे, दापोली तालुक्यातले, समुद्राच्या काठी वाढलेले. १८७५ साली सतरा वर्षांचा हा मुलगा परीक्षेसाठी सोबत्यांबरोबर कुंभार्ली घाट चढून साताऱ्याला चालत गेला. सुमारे ११० मैल, तेही पावसाळ्यात, जेव्हा किनाऱ्यावरची बोटवाहतूक बंद असे. तिथे 'फार लहान दिसतोस' म्हणून त्याला परीक्षेला बसू दिलं नाही. १८९३ साली, 'हिरोशिमा मारू' निघाली त्याच वर्षी, त्यांनी विधवेशी पुनर्विवाह केला आणि गावानं त्यांना वाळीत टाकलं. पुढे हिंगण्याचा आश्रम. मग बनारसच्या शिवप्रसाद गुप्तांनी त्यांना एक पुस्तिका पाठवली. ती टोकियोच्या महिला विद्यापीठाची होती. जिन्झो नारुसे यांनी १९०१ साली स्थापन केलेलं हे विद्यापीठ. ती पुस्तिका वाचून, १९१५ च्या डिसेंबरात मुंबईच्या सामाजिक परिषदेत, अण्णांनी आपल्याकडेही असं विद्यापीठ हवं असं मांडलं, आणि १९१६ साली ते सुरू झालं. सर विठ्ठलदास ठाकरसीही जगप्रवासात टोकियोचं ते विद्यापीठ पाहून आले होते. १९२० साली त्यांनी १५ लाख रुपये दिले, आणि त्यांच्या आईचं नाव विद्यापीठाला मिळालं: श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी.

अण्णांनी स्वतः ते विद्यापीठ पाहिलंच नव्हतं. मार्च १९२९ मध्ये ते जगाच्या प्रवासाला निघाले, तेव्हा एकाहत्तरावा वाढदिवस महिन्याभरावर होता. कोकणच्या बोटी त्यांना नव्या नव्हत्या, पण परदेशी जाणारी बोट नवी होती. इंग्लंड, जिनिव्हा, डेन्मार्कमधलं एल्सिनोर, अमेरिका. सगळीकडे व्याख्यानं आणि विद्यापीठासाठी निधी. मग जपान, आणि टोकियोचं ते विद्यापीठ. एप्रिल १९३० मध्ये घरी. आता एखादा माणूस आरामखुर्ची धरेल. अण्णा त्याच डिसेंबरात परत निघाले, आफ्रिकेला. मोंबासा, युगांडा, झांझिबार, दक्षिण आफ्रिका. परतले तेव्हा त्र्याहत्तर पुरे होते.

आईचं उत्तर तयार होतं. "अण्णा निधीसाठी गेले. तू मजेसाठी म्हणतोस."

खरं आहे. मी वाद घातला नाही. एका शनिवारी तिला तोझाई लाइननं ताकादानोबाबाला आणि तिथून एक स्टेशन पुढे मेजिरोला घेऊन गेलो. ते विद्यापीठ अजून तिथेच आहे. १९०६ साली बांधलेलं नारुसे सभागृह आजही आहे, म्हणजे अण्णा आले तेव्हा ते होतं. आई फाटकाशी बराच वेळ उभी राहिली. मुली सायकलींवरून जात होत्या. ती म्हणाली, "सत्तरीत इथवर आले. आणि मी वडखळला वळसा घालते." घरी येताना आगगाडीत तिनं विचारलं, "ती तुझी बोट कधी आहे?"

लगेच गेलो असं मात्र झालं नाही, आणि ही चूक तुम्ही करू नका म्हणून सांगतो. परदेशी झेंड्याच्या बोटींना फक्त जपानी बंदरांमधून प्रवासी फिरवता येत नाहीत, म्हणून त्या मध्ये बुसान किंवा तैवानसारखं एखादं परदेशी बंदर घेतात. आपल्या आई-वडिलांचा व्हिसा बहुधा एकाच प्रवेशाचा असतो. बोट बुसानला गेली की तो प्रवेश संपला असं धरलं जाऊ शकतं. मी दुसऱ्यांना जोखीम व्यवस्थापन शिकवतो, आणि हे माझ्या लक्षात आलं आगाऊ रक्कम भरल्यावर. ती गेली. पुढच्या वर्षी आई जास्त वेळा प्रवेशाचा व्हिसा घेऊन आली. तेव्हा आधी व्हिसा, वाटेतल्या देशाचे नियम, आणि समुद्रावरच्या आजारपणाचा विमा. तिकीट त्यानंतर.

ओसानबाशी धक्क्यावर आई बोटीकडे न बघता चढली. सुरक्षा कवायतीत बाकीचे फोटो काढत होते. आईनं जीवरक्षक जाकीट नीट बांधलं, पट्ट्या ओढून पाहिल्या, शिटी वाजते का तेही पाहिलं. मग शेजारी उभ्या असलेल्या तरुण कर्मचाऱ्याला माझ्यामार्फत विचारायला लावलं, "बोटीवर बिनतारी आहे ना?" मी इंग्रजीत काही जुळवायच्या आत तो मराठीत म्हणाला, "हाय मावशी, समदं हाय. उपग्रहाचं पन हाय."

मुलगा वेंगुर्ल्याकडचा निघाला. आठ महिन्यांचा करार, घरी दोन वर्षांची मुलगी, घराचं छप्पर घालायचं होतं. २०२० च्या फेब्रुवारीत योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकून पडली, तेव्हा बोटीवर १३८ भारतीय होते, त्यातले १३२ कर्मचारी. आपण तेव्हा इथे बसून बातम्या बघत होतो. तुमची-माझी मजा ज्यांच्या हातावर चालते त्यांना समुद्रावर जायला अजूनही पोटाचंच कारण आहे. आई त्याला रोज दुपारी डब्यातला एक शेंगदाण्याचा लाडू द्यायची, आणि छप्पर पत्र्याचं घालणार की कौलांचं, यावर त्यांची चर्चा चालायची.

पहिल्या रात्री आई झोपली नाही. साडी न बदलता, पर्स मांडीवर घेऊन खुर्चीत बसून राहिली. दुसऱ्या रात्री शिकोकूच्या दक्षिणेला बोट बरीच हलली आणि का कोण जाणे, त्याच रात्री ती गाढ झोपली. तिसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला डेकवर. स्वेटर, मफलर, हातात चहाचा कप. बंदर आलं की बाकीचे उतरायची घाई करायचे, आई म्हणायची, तुम्ही जाऊन या. एकदा तिनं मला विचारलं, "उद्या कुठे थांबणार नाही ना?" जपान्यांमध्येही अशी माणसं मी पाहिली, सत्तरी-ऐंशीची, दिवसभर नुसती पाण्याकडे बघणारी. आयुष्यभर त्यांनाही कुठे ना कुठे पोहोचायचंच होतं.

जाता जाता एक बोट सांगायची राहिली. १९९७ साली बांधलेली 'ओगासावारा मारू' टोकियोच्या ताकेशिबा धक्क्यावरून चिचिजिमा बेटावर जायची. हजार किलोमीटर, पंचवीस तासांहून जास्त. २०१६ साली नवी बोट आली आणि ही निवृत्त झाली. २०१८ च्या ऑक्टोबरात ती मुंबई-गोवा मार्गावर धावू लागली, नाव 'आंग्रिया'. बेटावर धान्य-भाजी नेणारी टोकियोची बोट कोकणच्या किनाऱ्यावरून हौशी प्रवासी नेऊ लागली. करोनात तिच्या फेऱ्या थांबल्या. आईला हे कळलं तेव्हा ती खरोखर हळहळली. "रेवसवरून दिसली असती," म्हणाली.

परतीच्या सकाळी बोट टोकियोच्या उपसागरात शिरली तेव्हा आम्ही दोघं डेकवर होतो. मासेमारीच्या होड्या दिवे विझवत घरी चालल्या होत्या. आईनं मला मामाचं नाव सांगितलं. सत्तेचाळीस वर्षांत मी ते पहिल्यांदा ऐकलं. तो परळला कापडाच्या दुकानात होता, आणि त्या दिवशी त्याच्याकडे आजीसाठी घेतलेलं एक लुगडं होतं, एवढं आजीला कोणाकडून तरी नंतर कळलं होतं.

तर मंडळी, तुमच्या घरी आई-वडील आले असतील आणि 'बोटीनं कशाला जायचं' असं म्हणत असतील, तर उत्तर द्यायची घाई करू नका. आधी त्यांना विचारा, तुमच्या घरात बोटीनं कोण गेलं होतं? कोकणातलं घर असेल तर कोणीतरी असतंच. ती गोष्ट लिहून घ्या आणि जमली तर आपल्या कार्यक्रमाला पाठवा, पुढच्या एखाद्या भागात वाचू.

आज इथेच थांबतो. नमस्कार.